आजारपणाचा खाडा कोणी भरायचा?

१८९७ सालच्या फेब्रुवारीत पाच दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ४ तारखेला कलकत्त्याच्या ब्रिटिश सरकारने साथरोग कायदा मंजूर केला आणि ९ तारखेला मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे प्लेगने गेले. कायदा मुंबईच्या प्लेगसाठीच, आठवड्याभरात उरकलेला. लोखंडे हे देशातल्या कामगार चळवळीचे आद्य पुरुष. प्लेगच्या रोग्यांसाठी धावपळ करतानाच त्यांना प्लेगने गाठले. पुढच्याच महिन्यात, १० मार्चला, पुण्याजवळ रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. सत्यशोधकांचे हे दोन आधार एका साथीने महिन्याभरात नेले.

येत्या ९ फेब्रुवारीला लोखंडे यांच्या तसबिरीला हार पडतील, रविवारच्या सुटीचे जनक म्हणून भाषणे होतील आणि रविवार नसेल तर सगळे कामावर जातील. त्यांच्या मृत्यूच्याच आठवड्यात जन्मलेल्या कायद्याचा उल्लेख मात्र कुणी करणार नाही. तो करायला हवा, कारण कायदा अजून जिवंत आहे आणि त्यात जे नाही ते लोखंडे बारा वर्षे आधीच मागून बसले होते.

सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनकडे गेला. त्यातल्या रविवारच्या सुटीच्या मागणीला १८९० मध्ये यश आले, म्हणून ती सर्वांना पाठ आहे. दुपारी अर्धा तास विश्रांती, साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, आणि पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत, याही मागण्या होत्या. शेवटची मागणी मात्र आज नीट वाचण्यासारखी आहे. काम करताना जबर दुखापत झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आले तर त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेल्या माणसाने हे लिहिले होते. यंत्रात हात गेला की मजुरी त्याच क्षणी थांबते, हे त्याने पाहिले होते.

आता कायदा पाहू. मूळ कायद्यात चारच कलमे होती. साथ पसरण्याचा धोका वाटला तर सरकारला वाटेल तो हुकूम काढता येईल. हुकूम मोडणाऱ्याला शिक्षा होईल. आणि या कायद्याखाली सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणाही अधिकाऱ्यावर दावा चालणार नाही. सगळ्या कायद्यात संरक्षणाची हमी मिळाली ती एवढीच, आणि तीही अंमलदाराला. रोग्याला काय मिळेल, ज्याचे घर रिकामे केले त्याला काय मिळेल, ज्याची मजुरी बुडाली त्याला काय मिळेल, याबद्दल अक्षर नाही. पुण्यात रँडच्या प्लेग समितीने गोऱ्या शिपायांकरवी घरांची झडती कशी घेतली आणि २२ जून १८९७ च्या रात्री त्याचे पर्यवसान कशात झाले, हे मराठी वाचकाला सांगण्याची गरज नाही. चापेकरांची कहाणी आपल्याकडे इतकी सांगितली गेली आहे की त्याच प्लेगमध्ये मुंबईच्या मजुरांनी काय केले, ही कहाणी तिच्या सावलीत राहिली.

मुंबईच्या मजुरांनी केले ते असे. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर काही महिन्यांत साडेआठ लाखांच्या शहरातला जवळजवळ निम्मा माणूस बाहेर पडला. कोकणातला गडी कोकणात गेला, घाटावरचा घाटावर. गिरण्या ओस पडू लागल्या, आणि मग एरवी महिना-दीड महिना पगार अडकवून ठेवणारे मालक रोजच्या रोज रोख मजुरी द्यायला तयार झाले. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून कामगारांसाठी चढी बोली लागली. गावाकडे परतायला घर आणि वाट असल्यामुळेच मजुराला ही किंमत आली.

त्याहून बोलका प्रसंग सफाई कामगारांचा. म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी ऑक्टोबर १८९६ मध्ये रोग्यांना सक्तीने हलवण्याचे कडक फर्मान काढले. २९ ऑक्टोबरला हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. पाठोपाठ फर्मान सौम्य झाले. याचे एक कारण स्नो यांनीच नोंदवून ठेवले आहे. शहरातले हलालखोर आणि झाडूवाले घाबरून निघून गेले, तर मुंबई राहण्याच्या लायकीची उरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. सबंध साम्राज्याचा अधिकार हाती असलेला अंमलदार मैला उचलणाऱ्या माणसापुढे नमला. त्या माणसावर प्रेम म्हणून अर्थातच नाही. तो गेला तर आपले काय, हा हिशेब त्याला कळला. (त्याच आर्थर रोडच्या जागेवर आज कस्तुरबा रुग्णालय आहे. २०२० मध्ये मुंबईचे पहिले करोना रुग्ण तिथेच दाखल झाले.)

१९१८ चा इन्फ्लुएन्झा मुंबईत कुठून शिरला? जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पोलीस शिपाई तापाने इस्पितळात आले, त्यातला एक गोदीवर नेमलेला होता. मग गोदीतले कामगार, पोर्ट ट्रस्ट, बँक, तारखाते, टांकसाळ, गिरणी. रोग कामाच्या ठिकाणावरून कामाच्या ठिकाणी गेला. आरोग्य खात्याने आकडे मांडले ते वॉर्डांनुसार आणि धर्मजातींनुसार. खाडा परवडत नाही म्हणून ताप अंगावर काढून कामावर येणाऱ्या माणसाचा रकाना त्यात नव्हता.

आणि मग २०२०. पुण्यात ९ मार्चला पहिले रुग्ण सापडले. १३ मार्चला महाराष्ट्राने जो कायदा लागू केला, तो हाच, १८९७ चा. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता देशाला सांगितले गेले की बारा वाजल्यापासून सगळे बंद. चार तासांची सूचना मिळालेल्या नाक्यावरच्या मजुराला घर गाठायला वाहन नव्हते आणि थांबायला मजुरी नव्हती. निम्मी मुंबई रिकामी करणारा १८९७ चा मजूर निदान वाहनात बसून तरी गेला होता.

पाच दिवसांनी, २९ मार्चला, केंद्रीय गृह मंत्रालयाने आदेश काढला की बंदच्या काळातही मालकांनी पूर्ण मजुरी द्यावी. हेतू योग्य, रचना कच्ची. सरकारने बंद पुकारायचा आणि त्याचे बिल लुधियानात पाने-पकडी बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराच्या नावे फाडायचे, हे टिकणारे नव्हते. कारखानदार सर्वोच्च न्यायालयात गेले. १८ मेपासून सरकारने आदेश स्वतःच मागे घेतला आणि १२ जूनला न्यायालयाने सांगितले की मालक-कामगारांनी आपसात बोलून तोडगा काढावा. रेल्वेत चेंगरत गावी पोचलेला मजूर आता पनवेलच्या ठेकेदाराशी आपसात बोलणार, असा त्याचा अर्थ.

८ मेची पहाट आदेश निघाल्याच्या आणि तो मागे घेतल्याच्या तारखांच्या मधली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळच्या दिशेने रुळांवरून चालत निघाले होते. गाड्या बंद आहेत या समजुतीने करमाडजवळ रुळांवरच झोपले. मालगाडीखाली १६ जण गेले. मजुरी चालू ठेवा, हा आदेश त्या पहाटे कागदावर लागू होता. त्याच आठवड्यात कर्नाटक सरकारने बिल्डरांच्या संघटनेशी बैठक झाल्यावर मजुरांना घरी नेणाऱ्या गाड्या रद्द करायला सांगितले आणि ओरड झाल्यावर निर्णय फिरवला. १८९७ च्या मालकाने मजूर टिकावा म्हणून बोली वाढवली होती. २०२० मध्ये गाडी थांबवून काम भागेल असे वाटले. सप्टेंबरमध्ये संसदेत प्रश्न आला की टाळेबंदीत किती स्थलांतरित मजूर मेले. कामगार मंत्रालयाचे उत्तर होते की अशी माहिती ठेवलेली नाही. एक कोटीहून अधिक मजूर गावी परतल्याचा आकडा त्याच खात्याकडे होता.

साथीच्या निमित्ताने कामगारांच्या हक्कांवरच हात टाकण्याचा प्रकारही झाला. गुजरातने कारखान्यांत बारा तासांची पाळी लावली आणि जादा तासांचा दुप्पट दर माफ करून टाकला. सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० ला ती अधिसूचना रद्द केली. साथ म्हणजे कारखाने कायद्याच्या अर्थाने देशाच्या सुरक्षेवरचे संकट ठरत नाही आणि तिचा बोजा कामगाराच्या माथी मारता येत नाही, हा त्या निकालाचा गाभा. आपली न्यायालये करोनाकाळात जे थोडे स्पष्ट बोलली, त्यात हे पहिल्या रांगेत बसते.

महाराष्ट्रात या सगळ्याचे खरे वजन कुणी उचलले असेल, तर आशांनी. राज्यात सुमारे ७० हजार आशा स्वयंसेविका आहेत. सरकारी कागदावर त्या कर्मचारी नाहीत, मानधनावरच्या स्वयंसेविका आहेत, म्हणून त्यांना किमान वेतन नाही आणि आजारपणाची रजाही नाही. करोनात त्यांना घरोघर पाठवले. ताप मोजा, ऑक्सिजन मोजा, कोण बाहेरगावाहून आले ते लिहा, त्याला विलगीकरणात जायला पटवा. कुठे शिव्या खाल्ल्या, कुठे दार तोंडावर आपटले. घरी परतल्यावर लेकराला जवळ घेऊ की नको, हा प्रश्न. केंद्राने या कामाचे महिन्याला हजार रुपये दिले, म्हणजे रोजचे तेहतीस. १५ जून २०२१ ला राज्यभरातल्या आशांनी संप केला, तेव्हा रोजचे पाचशे मागितले होते. आठवड्याभराने मिळाले ते महिन्याला हजाराची वाढ आणि पाचशे रुपये करोना भत्ता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्यांचा जगभरात गौरव केला. अभिनंदनाच्या ट्विटांची रांग लागली. त्या गौरवानंतरही २०२४ च्या थंडीत आशांना आझाद मैदानात बसावे लागले, तेव्हा कुठे मानधनात पाच हजारांची भर पडली. भर पडली ती मानधनात. कर्मचारी म्हणून त्यांची नोंद अजूनही नाही.

सरकारने काहीच केले नाही, असे म्हणणे अन्याय होईल. सार्वजनिक आरोग्य कर्मचाऱ्यांना, त्यात आशांनाही, ५० लाखांचे विमाकवच मिळाले. एप्रिल २०२० मध्ये अध्यादेश काढून आरोग्यसेवकांवरचा हल्ला हा कडक शिक्षेचा गुन्हा केला गेला, तो पुढे कायद्यात आला. एप्रिल २०२१ च्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्र सरकारने निर्बंध जाहीर करताना त्याच भाषणात पैसेही जाहीर केले. नोंदणी असलेले बांधकाम कामगार, घरकामगार, फेरीवाले, परवानाधारक रिक्षाचालक यांना प्रत्येकी दीड हजार. रक्कम तुटपुंजी, पण बंद आणि भरपाई एकाच श्वासात बोलली गेली, आणि ते श्रेय द्यायलाच हवे. मात्र हे सगळे कृपेच्या खात्यातले. हक्काचे कलम कुठे नाही. विमा माणूस मेल्यावर मिळतो. हल्ल्याची शिक्षा डोके फुटल्यावर होते. ताप आलेल्या माणसाने आज कामावर जायचे की नाही, हा प्रश्न यातल्या एकाही उपायाने सुटत नाही, आणि साथ पसरते की थांबते हे त्याच प्रश्नावर ठरते.

बीडच्या ऊसतोड कामगाराला विचारा. जोडप्याचा मिळून एक कोयता, मुकादमाची उचल आधीच अंगावर, आणि एक दिवस फडात गेले नाही की खाडा. खाड्याचे पैसे उचलीत चढतात. पाळीच्या त्रासात खाडा पडू नये म्हणून बायकांनी गर्भाशये काढून घेतली, हे नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने २०१९ मध्ये पुढे आणले. ज्या व्यवस्थेत खाडा वाचवण्यासाठी शरीराचा अवयव जातो, तिथे घसा दुखतो म्हणून कुणी चौदा दिवस खोपीत बसेल? मार्च २०२० मध्ये लाखाहून अधिक ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांच्या आवारात अडकले, एप्रिलच्या मध्यावर त्यांना गावी जाऊ दिले. मुंबई-पुण्यातल्या घरकामाच्या बाईचा, हॉटेलातल्या पोऱ्याचा, दुचाकीवरून जेवण पोचवणाऱ्या मुलाचा हिशेब वेगळा नाही. त्यांना मास्क वाटणे, साबणाने हात धुवायला सांगणे हे सोपे. आजारी असताना घरी बसण्याची ऐपत देणे हे खर्चाचे, म्हणून त्याला कोणी सार्वजनिक आरोग्य म्हणत नाही. आमच्या मते साथ रोखण्याचा लशीच्या आधीचा उपाय तोच आहे.

ही कल्पना नवी नाही. १९४३ मध्ये कामगार खाते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे असताना प्रा. बी. पी. आडारकर यांना कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखायला सांगितले गेले. त्यातून १९४८ चा कर्मचारी राज्य विमा कायदा आला. आज त्या योजनेखाली विमा असलेल्या कामगाराला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो. अट अशी की पगार २१ हजारांच्या आत हवा आणि आस्थापना त्या योजनेच्या कक्षेत हवी. भिवंडीच्या गाळ्यात दहाच्या आत माणसे ठेवणाऱ्याचा कामगार, नाक्यावरचा बिगारी आणि उसाच्या फडातला कोयता बाहेरच राहतात. कामामुळे जडलेल्या संसर्गजन्य रोगाची भरपाई देण्याची तरतूद कामगार भरपाईच्या जुन्या कायद्यातही होती, पण रोग कामावरच जडला हे सिद्ध करायचे ओझे बहुतेक वेळा रोग्याच्याच घरच्यांवर पडते. विषाणू कुणाकडून आला याची पावती कुठून आणायची? सफाई कामगार, परिचारिका, वॉर्डबॉय, बसवाहक, स्मशानातला कर्मचारी यांना साथीच्या काळात रोग झाला तर तो कामावरच झाला असे कायद्याने गृहीत धरावे आणि तसे नसेल तर मालकाने सिद्ध करावे, एवढा बदल पुरेसा होईल.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार कामगार संहिता लागू झाल्या. त्यांच्या गुणदोषांची चर्चा स्वतंत्रपणे करण्यासारखी आहे. साथीतल्या मजुरीचा प्रश्न त्यांनीही सोडवलेला नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाने २८६ व्या अहवालात साथरोग कायदा अपुरा आहे असे सांगून त्यात मोठी दुरुस्ती किंवा नवाच कायदा करण्याची शिफारस केली. अहवाल फडताळात आहे.

महाराष्ट्राने दिल्लीची वाट पाहण्याचे कारण नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्याचा विषय आहे आणि मजुरीच्या हमीचा अनुभव या राज्याइतका कुणाकडे नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी इथे उभी राहिली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, पुढे सबंध देशाने ती घेतली. तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला. नोकरदाराच्या पगारपत्रकात दरमहा २०० रुपये आजही कापले जातात ते त्या करापोटी. म्हणजे शहरातल्या पगारदाराने खेड्यातल्या मजुराच्या वाईट दिवसाला हातभार लावायचा, हे तत्त्व आपण पन्नास वर्षांपूर्वी मान्य केले आहे. दुष्काळात सरकार सांगते, काम देतो, मजुरी घे. साथीत सरकारला सांगायचे आहे, कामावर येऊ नको, मजुरी घे. दुसरे वाक्य पहिल्याइतकेच न्याय्य आहे. पैसा वाटायची यंत्रणा हवी तर माथाडी मंडळे समोर आहेत. १९६९ च्या कायद्याने मालकांकडून लेव्ही घेऊन हमालाला मजुरी, भविष्यनिर्वाह निधी आणि औषधपाणी देण्याची सोय केली. त्या मंडळांत आज खोगीरभरती आणि गुंडगिरी शिरली आहे हे खरे, पण तो दोष चालवणाऱ्यांचा.

लुधियानाच्या कारखानदाराची तक्रारही यात सुटते. बंद सरकारने पुकारला तर मजुरी निधीतून जाईल, कुण्या एका गाळेवाल्याच्या गल्ल्यातून नाही. निधी साथ नसलेल्या वर्षांत साठवायचा असतो. साथ आल्यावर कर बसवायला गेलो तर द्यायला कुणाकडे काही उरलेले नसते.

एक अडचण खरी आहे. नाक्यावरचा मजूर कोण, किती, कुठला, हे सरकारला माहीत नाही. २०२१ चे दीड हजार नोंदणी असलेल्यांनाच गेले आणि नोंदणी नसलेला पुन्हा बाहेर राहिला. घरकामगारांसाठी २००८ पासून मंडळाचा कायदा आहे. आपल्या घरी येणाऱ्या मावशींची त्यात नोंद आहे का, हे विचारलेले वाचक थोडे असतील. ऊसतोड कामगारांची पूर्ण नोंद मुकादमाच्या वहीत सापडते, सरकारच्या वहीत नाही. हे काम साथ नसतानाच होते, आणि ते आशांवर टाकायचे असेल तर आधी आशांना कर्मचारी करा.

अर्थसंकल्पीय अधिवेशन जवळ आले आहे. साथरोग वेतन हमीचा कायदा, व्यवसाय करातून त्यासाठी वेगळा ठेवलेला वाटा आणि आशांना कर्मचाऱ्याचा दर्जा, या तीन मागण्या आपल्या आमदाराकडे पोचवा. विधिमंडळ ठरवेल तेव्हा ठरवेल. मावशींच्या आजारपणाचे चार दिवस पगारातून कापायचे नाहीत, हे मात्र प्रत्येक घराला याच महिन्यापासून ठरवता येईल.